घोड्याचा, घोड्याची, घोड्याचे : प्राण्यांवरून बनलेली लॅटिन विशेषणे मराठी डोक्याने कशी शिकावीत

डब्यातले चार देशी हरभरे तळहातावर घ्या आणि एक दाणा चिमटीत धरून बाजूने पाहा. पुढे आलेली चोच, मागे दोन्ही अंगांना फुगवटा, मधून गेलेली खाच. आपण हरभरे नेहमी भिजत घालतो, पण इतके निरखून कोण बघतो! रोमन लोकांनी बघितले, आणि त्यांना त्यात एडक्याचे डोके दिसले. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तसे लिहून गेला आहे. हरभऱ्याच्या एका जातीला एडक्याच्या डोक्यावरून नाव होते, आणि दुसरी एक गोल, पांढरी, जराशी लहान जात पारव्याच्या नावाने ओळखली जाई. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव पक्के करताना एडका ठेवला. शेतकीच्या पुस्तकांत ‘सायसर ॲरिएटिनम’ असे छापतात, त्यातले ॲरिएटिनम म्हणजे ‘एडक्याचे’, ‘एडक्यासारखे’.

प्राण्याच्या नावाला शेपूट जोडून केलेली अशी विशेषणे लॅटिनमध्ये, म्हणजे रोमन लोकांच्या भाषेत, भरपूर आहेत. ती वनस्पतींच्या नावांत आहेत, शरीरशास्त्रात आहेत, औषधांच्या पाकिटावर आहेत. विद्यार्थी ती घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मला विचाराल तर मराठी बोलणाऱ्याने ती घोकू नयेत, बनवायला शिकावे. कारण या विशेषणांची सगळी यंत्रणा आपल्या ‘चा-ची-चे’मध्ये आधीच आहे. इंग्रजी माध्यमातून लॅटिन शिकवणारे ज्या दोन गोष्टींवर आठवडे घालवतात, ते सामान्यरूप आणि तीन लिंगे, आपण दुसरी-तिसरीत असताना न कळत पार केलेली असतात.

उच्चारांबद्दल एकदाच सांगतो. खाली मी लॅटिन शब्द रोमन लोकांच्या उच्चाराला धरून लिहिले आहेत: ‘क’ कायम ‘क’, ‘व’ हा आपल्या ‘व’सारखा. वैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयांत ऐकू येणारे उच्चार इंग्रजी वळणाचे असतात, म्हणजे ‘कनीनुस’चे ‘कॅनाइन’ आणि ‘एक्वीना’चे ‘इक्वायना’. वर्गात वर्गासारखे बोला. शब्द बनवताना मात्र जुना उच्चार धरा, जोड कुठे आहे ते कानाला लगेच कळते.

पहिली पायरी : प्राण्याचे सामान्यरूप शोधा

‘उंदीरचा’ असे आपण म्हणत नाही, ‘उंदराचा’ म्हणतो. ससा, पण सशाचा. म्हैस, पण म्हशीचा. प्रत्यय लागण्यापूर्वी नाव अंग बदलते, आणि त्या बदललेल्या अंगाला आपण सामान्यरूप म्हणतो. लॅटिनमध्येही नेमके हेच घडते. सिंह म्हणजे ‘लेओ’, पण प्रत्ययापुढचे अंग ‘लेओन्-’. उंदीर ‘मूस’, अंग ‘मूर्-’. बैल ‘बोस’, अंग ‘बोव्-’.

हे अंग कळण्यासाठी कुठलाही बरा लॅटिन शब्दकोश उघडा. प्रत्येक नामापुढे दोन रूपे दिलेली असतात, पहिले प्रथमेचे आणि दुसरे षष्ठीचे. ‘लेओ, लेओनिस’ असे. पहिल्या रूपाकडे काणाडोळा करा. दुसरे घ्या, त्याच्या टोकाचा षष्ठीचा प्रत्यय छाटा, उरते ते अंग. टोकाला ‘-इस’ असेल, ‘-ई’ असेल किंवा ‘-आइ’ असेल. याशिवाय आणखी दोन आहेत, पण प्राण्यांच्या नावांत त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही.

पहिल्या रूपाकडे काणाडोळा करा, असे मी मुद्दाम म्हणतो, कारण नवशिका हमखास तिथेच घसरतो. लांडगा म्हणजे ‘लुपुस’ आणि ससा म्हणजे ‘लेपुस’. दिसायला सख्खे भाऊ. पण लुपुसची षष्ठी ‘लुपी’ आणि लेपुसची ‘लेपोरिस’. एकाचे अंग ‘लुप्-’, दुसऱ्याचे ‘लेपोर्-’. आपल्याकडे ‘चाकू’ आणि ‘वासरू’ दोन्ही ऊकारान्त, तरी चाकूला म्हणतो आणि वासराला म्हणतो. परदेशी माणसाने ‘वासरूला’ म्हटले की आपल्याला जसे वाटते, तसे ‘लेपीनुस’ ऐकून एखाद्या रोमनाला वाटले असते.

नेहमी लागणारी काही अंगे इथेच देऊन टाकतो, म्हणजे पुढे अडणार नाही.

घोडा : एक्वुस, अंग एक्व्-
कुत्रा : कनिस, अंग कन्-
बैल किंवा गाय : बोस, अंग बोव्-
दुभती गाय : वक्का, अंग वक्क्-
मेंढी : ओविस, अंग ओव्-
एडका : अरिएस, अंग अरिएत्-
शेळी : कप्रा, अंग कप्र्-
डुक्कर : सूस, अंग सु-, पाळीव डुकरासाठी पोर्कुस, अंग पोर्क्-
गाढव : असिनुस, अंग असिन्-
कोल्हा : वुल्पेस, अंग वुल्प्-
अस्वल : उर्सुस, अंग उर्स्-
वाघ : तिग्रिस, अंग तिग्र्-
साप : सेर्पेन्स, अंग सेर्पेन्त्-, जुना शब्द अंग्विस, अंग अंग्व्-
गरुड : अक्विला, अंग अक्विल्-
हंसबदक : आन्सेर, अंग आन्सेर्-

संस्कृत थोडेफार वाचलेल्याला यात ओळखीचे चेहरे दिसतील. एक्वुस आणि अश्व, ओविस आणि अवि, बोस आणि गो, मूस आणि मूष, आन्सेर आणि हंस, उर्सुस आणि ऋक्ष, सेर्पेन्स आणि सर्प. हे एकमेकांपासून घेतलेले शब्द नव्हेत, एकाच आजीची नातवंडे आहेत. लक्षात ठेवायला ही नाती फार कामाला येतात. त्यांवरून नवीन शब्दाचा अंदाज मात्र बांधू नका, अंदाज फसतो.

मूसवरून एक आठवले, विषय जरा बाजूचा आहे. दंड वाकवून फुगवला की वर येणाऱ्या स्नायूला रोमन लोक ‘मूस्कुलुस’ म्हणत, म्हणजे उंदरू, छोटा उंदीर. इंग्रजीतला ‘मसल’ तोच. त्याच जागी आपण ‘बेटकुळी’ काढून दाखवतो, कुणी ‘बेडकुळी’ म्हणतात. कातडीखाली त्यांना उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडकी. ज्याच्या घरात जे!

दुसरी पायरी : ‘ईनुस’ जोडा

या पायरीत सांगण्यासारखे फार नाही. अंगाला ‘-ईनुस’ लावा, विशेषण तयार. कन् + ईनुस = कनीनुस, कुत्र्याचा. बोवीनुस, लेओनीनुस, लुपीनुस, उर्सीनुस, पोर्कीनुस. सशाचा ‘लेपोरीनुस’, उंदराचा ‘मूरीनुस’. गाढवाचा ‘असिनीनुस’ म्हणताना जीभ अडखळते, पण रूप तेच आहे. त्यातली ‘ई’ दीर्घ असते आणि आघात तिच्यावरच पडतो. दीर्घत्व का महत्त्वाचे ते हत्तीपाशी आल्यावर कळेल.

तिसरी पायरी : लिंग बघा, पण प्राण्याचे नव्हे

‘घोड्याची शेपटी’ म्हणताना ‘ची’ का आली? घोडा पुल्लिंगी आहे म्हणून नाही, शेपटी स्त्रीलिंगी आहे म्हणून. लॅटिनमध्येही तसेच. विशेषण ज्या वस्तूला लागते तिचे लिंग घेते. पुल्लिंगी ‘-ईनुस’, स्त्रीलिंगी ‘-ईना’, नपुंसकलिंगी ‘-ईनुम’. चा, ची, चे.

याची उत्तम शाळा म्हणजे आपलेच शरीर. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू कमरेजवळ संपतो आणि तिथून खाली नसांचा झुपका लोंबतो. त्याला शरीरशास्त्रात ‘काउदा एक्वीना’ म्हणतात, घोड्याची शेपटी. टाच टेकत नाही आणि चवडा खाली वळलेला राहतो अशा पावलाला ‘पेस एक्वीनुस’, घोड्याचा पाय. आणि वाढून बेढब मोठे झालेले हृदय म्हणजे ‘कोर बोवीनुम’, बैलाचे हृदय. पेस पुल्लिंगी, काउदा स्त्रीलिंगी, कोर नपुंसकलिंगी. गंमत अशी की मराठीतही पाय तो, शेपटी ती आणि हृदय ते. हे तीन शब्द पाठ असले की बाकीचे त्यांच्या साच्यात बसवता येतात.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला तीन स्नायूंचे कंडरे एकत्र येऊन नडगीच्या हाडाला चिकटतात. त्या जागेला ‘पेस आन्सेरीनुस’ म्हणतात, बदकाचा पाय, कारण तिथे तीन बोटे पसरल्यासारखी दिसतात. आणि थंडीने अंगावर काटा आला की ती ‘कुतिस आन्सेरीना’, बदकाची कातडी. पीस उपटलेल्या पक्ष्याची कातडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

लिंगे नेहमीच अशी जुळतात असे समजू नका. मांस मराठीत ते, पण लॅटिन ‘करो’ स्त्रीलिंगी. म्हणून रोमन खाटकाकडे सगळी मांसे स्त्रीलिंगी विशेषणाने मागितली जात: वासराचे ‘वितुलीना’, डुकराचे ‘पोर्कीना’, कोकराचे ‘अग्नीना’. ‘करो’ हा शब्द उच्चारतही नसत, आपण ‘एक कटिंग दे’ म्हणताना ‘चहा’ गाळतो तसा.

शास्त्रीय नावांत तर लिंगाचा नियम कायद्यासारखा पाळतात. तिथे पहिला शब्द वंशाचा असतो, दुसरा प्रजातीचा. प्रजातीचे विशेषण वंशनामाच्या लिंगाप्रमाणे चालले पाहिजे, आणि वंश बदलला तर विशेषणाचेही टोक बदलायचे. जुन्या पिढीने बारावीत जो बेडूक कापला तो वहीत ‘राना टायग्रिना’ होता. राना म्हणजे बेडकी, स्त्रीलिंगी, म्हणून वाघाची ‘-ईना’. पुढे त्याला वेगळ्या वंशात टाकले आणि नाव झाले ‘हॉप्लोबॅट्राकस टायगरिनस’. बॅट्राकस पुल्लिंगी, म्हणून ‘-ईनुस’. पावसाळ्यात शेतात डराव डराव करणारा बेडूक तोच, कागदावर मात्र तिचा तो झाला. मधला ‘ग’ आणि ‘र’ सुटे झाले, त्याचे कारण वेगळे. नाव देणाऱ्याने मुळात तसे लिहिले होते, आणि प्राणिशास्त्रात पहिले लिखाण सहसा बदलत नाहीत. व्याकरणाने ‘तिग्रीनुस’च बरोबर.

हरभऱ्याकडे परत या. ‘किकेर’, म्हणजे पुस्तकातला सायसर, नपुंसकलिंगी आहे. म्हणून एडक्याचे, ‘अरिएतीनुम’. आणि पडवळाच्या शास्त्रीय नावात ‘अंग्वीना’ आहे, सापाची, कारण ट्रायकोसँथिस हा वंश स्त्रीलिंगी धरतात. मांडवाखाली लोंबणारे पडवळ पाहिले की नाव देणाऱ्याच्या मनात काय आले ते कळायला शब्दकोश लागत नाही.

चौथी पायरी : ‘चा’ म्हणजे नक्की काय ते ठरवा

रूप बनवणे हा सोपा भाग. अर्थ लावताना खरी मेहनत आहे, आणि इथे घाई करणारा फसतो.

मराठीत ‘गाईचे दूध’ आणि ‘गाईचे डोळे’ यांत ‘चे’ एकच, पण हरणाक्षीसारखे कुणाचे डोळे गाईचे आहेत असे आपण म्हणतो तेव्हा डोळे गाईचे नसतात, गाईसारखे असतात. ‘ईनुस’ही अशाच अनेक कामांवर राबतो. तो कधी मालकी सांगतो, कधी उगम, कधी रूपसाम्य, कधी स्वभाव. शब्द समोर आला की हे चारही अर्थ एकेक करून लावून पाहायचे, नुसते ‘चा’ लावून पुढे जायचे नाही.

रूपसाम्याचा सर्वांत मजेदार नमुना आपल्या जंगलातला आहे. मेळघाटात, ताडोबात जे काळे, लांब केसांचे, वारुळे फोडून वाळवी खाणारे अस्वल राहते, त्याचे नाव ‘मेलुर्सुस उर्सीनुस’. मेलुर्सुस म्हणजे मधाचे अस्वल. त्यापुढे उर्सीनुस, अस्वलासारखे. अस्वलासारखे अस्वल? वेडगळ वाटते, पण त्यामागे एक घोटाळा आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने या प्राण्याची लांब नखे आणि पुढच्या दातांची उणीव पाहिली आणि त्याला स्लॉथ समजून बसला. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकणारा मंद प्राणी. त्याने नाव दिले ‘ब्राडिपुस उर्सीनुस’, अस्वलासारखा स्लॉथ. चूक नंतर दुरुस्त झाली, प्राणी अस्वलांत आला, पण विशेषण नियमाने चिकटून राहिले. इंग्रजीत त्याला अजून ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. इथे ‘उर्सीनुस’चे भाषांतर ‘अस्वलाचा’ असे केले असते, तर ही सगळी कथा हातून निसटली असती.

उगमाचा नमुना आपल्या दंडावर आहे, म्हणजे जुन्या लोकांच्या. वक्का म्हणजे गाय, वक्कीनुस म्हणजे गाईचा. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने एका गवळणीच्या हातावरच्या गोस्तन देवीच्या, म्हणजे गाईंपासून लागणाऱ्या सौम्य देवीच्या, फोडातला द्रव एका मुलाला टोचला. १७९८ मध्ये त्याने जी पुस्तिका काढली तिच्या नावातच ‘वरिओलाइ वक्कीनाइ’ असा शब्दप्रयोग आहे, गाईच्या देवी, स्त्रीलिंगी अनेकवचन. त्यातले विशेषण सुटे झाले आणि ‘व्हॅक्सिन’ हे नाम बनले. १८८१ मध्ये लुई पाश्चरने सुचवले की जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द सगळ्याच रोगांच्या प्रतिबंधक द्रव्यांना वापरावा. तेव्हापासून कोंबड्यांच्या रोगावरचे औषधही गाईचेच. भारतात हे द्रव्य पहिल्यांदा टोचले गेले ते मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. मराठीने मात्र गाय बाजूला ठेवली. आपण ‘देवी काढल्या’ असे म्हणू लागलो, आणि द्रव्याला ‘लस’ हा जखमेतून पाझरणाऱ्या पाण्याचा साधा शब्द दिला. मला आपला शब्द जास्त नेमका वाटतो.

उगमाचाच दुसरा शब्द तरुणांच्या हातातल्या एनर्जी ड्रिंकवर असतो. टॉरिन. ‘तौरुस’ म्हणजे सांड. १८२७ साली हे द्रव्य प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले गेले म्हणून हे नाव. आता ते कारखान्यात बनते, नाव पित्तातलेच राहिले.

सर्पगंधेत दोन अर्थ एकत्र आले आहेत. तिचे नाव ‘राउवोल्फिया सेर्पेन्तीना’. मुळे सापासारखी वाकडी, आणि सर्पदंशावर ती देण्याची जुनी रीत. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरच्या तिच्या गुणाविषयी ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले, त्याचे नाव ‘रेसर्पिन’. मधोमध बघा, ‘सर्प’ आहे.

स्वभाव दाखवणारे विशेषण ओळखायला सोपे. इंग्रजीत कुणाला ‘व्हल्पाइन’ म्हटले तर तो कोल्ह्यासारखा लबाड, ‘ॲसिनाइन’ म्हटले तर गाढव. ‘ॲक्विलाइन’ नाक मात्र रूपावरून, म्हणजे गरुडाच्या चोचीसारखे बाकदार. आपण त्याच अर्थाने गरुडनाक म्हणतो आणि पोपटनाकही म्हणतो. कुष्ठरोगात कपाळ आणि गाल जाड होऊन चेहरा सिंहासारखा भासतो त्याला वैद्यकात ‘फकिएस लेओनीना’ म्हणतात. चार अर्थांतला हा रूपाचा, शौर्याचा नव्हे.

पाचवी पायरी : विशेषण की नुसती षष्ठी?

आपला ‘चा’ षष्ठीचा प्रत्ययही आहे आणि विशेषणासारखा लिंगाप्रमाणे बदलतोही. लॅटिनमध्ये ही दोन कामे वेगळी केली आहेत. ‘एक्वीनुस’ हे विशेषण बदलते, तर ‘एक्वी’ ही षष्ठी कुठल्याही लिंगापुढे तशीच राहते.

जंतू आणि परजीवी यांच्या नावांत षष्ठी जास्त दिसते, कारण तिथे ‘कुणाच्या अंगावरचा’ एवढेच सांगायचे असते. कुत्र्यांच्या पिसवेच्या नावात ‘कनिस’ आहे (या शब्दाचे षष्ठीतही रूप तेच राहते), मांजरांच्या पिसवेच्या नावात ‘फेलिस’. गुरांच्या क्षयाच्या जंतूचे नाव ‘मायकोबॅक्टेरियम बोविस’, आणि आपल्याला जन्मल्याबरोबर टोचतात ती क्षयावरची बीसीजी लस याच जंतूला वर्षानुवर्षे दुबळे करून तयार झाली. १९२१ साली ती पहिल्यांदा माणसाला दिली. तेव्हा ‘बोविस’ला ‘बोवीनुम’ करून सुधारायला जाऊ नका, दोन्ही बरोबर आहेत, काम वेगळे आहे. मी ओळखायची खूण अशी ठेवली आहे: शब्दात ‘-ईन-’ दिसले तर सहसा विशेषण, नसले तर सहसा षष्ठी.

सहावी पायरी : न ऐकणारे प्राणी

काही प्राणी ‘ईनुस’ला जुमानत नाहीत. कोंबडीचे विशेषण ‘गल्लीनाकेउस’, वेगळ्या प्रत्ययाचे. आणि ‘गल्लिकुस’ दिसले तर ते कोंबड्याचे नाही, गॉल देशाचे, म्हणजे आजच्या फ्रान्सचे. कोंबडा आणि गॉल यांचा लॅटिनमधला उच्चार एकच, ‘गल्लुस’, आणि त्या कोटीतूनच कोंबडा फ्रान्सचे चिन्ह झाला. मधमाशीचे ‘अपिआनुस’. गोमांसाला किंवा गाईच्या दुधाला जुने रोमन ‘बूबुलुस’ म्हणत. ‘बोवीनुस’ नंतरच्या काळातले आहे.

‘कनारिउस’ही कुत्र्याचेच विशेषण, ‘-आरिउस’ लावून केलेले. आफ्रिकेजवळच्या एका बेटावर मोठाले कुत्रे असत म्हणून ते कनारिआ, असे प्लिनी सांगतो. त्या बेटांवरून आलेला पिवळा पक्षी तो कॅनरी. म्हणजे पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे नाव कुत्र्यावरून पडले. कर्नाटकातल्या उत्तर कॅनरा, म्हणजे आताच्या उत्तर कन्नड, जिल्ह्याच्या नावाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, ते कन्नडवरून आले.

आता हत्ती. ‘एलेफन्तिनुस’ असे विशेषण आहे, पण त्यातली ‘इ’ ऱ्हस्व. हा ग्रीकांकडून आलेला दुसरा प्रत्यय, आणि तो कशापासून बनले ते सांगतो. म्हणून एलेफन्तिनुस म्हणजे बहुधा ‘हस्तिदंती’, हत्तीचा नव्हे. रोमन माणूस हस्तिदंती पलंगाला हे विशेषण लावे. इंग्रजीत ‘एलेफंटाइन’चा अर्थ ‘अवाढव्य’ झाला तो फार पुढे.

उलटा सापळाही आहे. ‘-ईनुस’ दिसले की प्राणी शोधत बसू नका. ‘मरीनुस’ समुद्राचा. सह्याद्रीतल्या रानकुत्र्याचे नाव ‘कुऑन अल्पीनुस’, त्यातले आल्प्स हा डोंगर आहे, प्राणी नव्हे. ‘मस्कुलीनुस’ आणि ‘फेमिनीनुस’ ही पुल्लिंग-स्त्रीलिंगाची नावे याच साच्यातली. इतकेच काय, लतिउम प्रांताची भाषा ती ‘लतीना’. भाषेच्या नावातच हा प्रत्यय आहे.

आणि जर्मन घराण्यातही या प्रत्ययाची भावंडे आहेत. इंग्रजी ‘स्वाइन’ मुळात डुकराच्या नावाला हाच प्रत्यय लागून झालेले विशेषण, लॅटिन ‘सुईनुस’चे चुलत भावंड. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीत पुण्यात तोंडाला रुमाल बांधून फिरणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या तोंडी दिवसरात्र एक प्राचीन प्राणिविशेषण होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

सराव

कागद घ्या आणि हे बनवा: कोल्ह्याची शेपटी, सशाचा पाय, गाढविणीचे दूध, शेळीची लोकर, सिंहाचा दात, हत्तीची शेपटी. लागणारी नामे: शेपटी काउदा, स्त्रीलिंगी. पाय पेस, पुल्लिंगी. दूध लाक, नपुंसकलिंगी. लोकर लाना, स्त्रीलिंगी. दात देन्स, पुल्लिंगी. आधी लिहा, मग खाली वाचा.

कोल्ह्याची शेपटी ‘काउदा वुल्पीना’. सशाचा पाय ‘पेस लेपोरीनुस’. इथे ‘लेपीनुस’ लिहिले असेल तर पहिल्या पायरीवर परत जा.

गाढविणीचे दूध ‘लाक असिनीनुम’. आपल्याकडे गल्लीत गाढवीण घेऊन येणारे बाळांसाठी ते चमच्याने मोजून विकतात. नीरो बादशहाची बायको पोपाएआ त्यात अंघोळ करी, आणि त्यासाठी तिने पाचशे गाढविणी बाळगल्या होत्या, असे प्लिनीने नोंदवले आहे.

शेळीची लोकर ‘लाना कप्रीना’. शेळीच्या अंगावर असते ती लोकर की केस, यावरून भांडणे म्हणजे रोमन लोकांच्या लेखी बिनबुडाचा वाद.

सिंहाचा दात ‘देन्स लेओनीनुस’. कुणी ‘देन्स लेओनिस’ लिहिले असेल तर तेही चुकले नाही, ती षष्ठी झाली. मध्ययुगात एका पिवळ्या रानफुलाच्या करवती पानांना हेच नाव होते, आणि त्याच्या फ्रेंच रूपावरून इंग्रजीत डँडेलायन आले.

हत्तीच्या शेपटीला ‘काउदा एलेफन्तिना’ लिहिले असेल तर रोमन वाचकाच्या डोळ्यांपुढे हस्तिदंतात कोरलेली शेपटी येईल. खरी, माश्या वारणारी शेपटी हवी असेल तर इथे विशेषण सोडून षष्ठीच घ्यायची: ‘काउदा एलेफन्ती’.